क्योटोचा मोमिजी सीझन मित्रांसोबत करायचाय? तारखा, ग्रुप आणि दिवसाचा क्रम असा लावा

मोमिजी म्हणजे शरद ऋतूत लाल होणारी मेपलची पानं, तीच बघायला लोक जपानमधल्या क्योटोला जातात. ऑक्टोबर उजाडला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "आम्ही सहाजण क्योटोला चाललोय, हे शेड्यूल बघ ना जरा." शेड्यूल उघडलं की एकाच दिवसात सकाळी फुशिमी इनारी, मग किंकाकुजी, मग अराशियामा, संध्याकाळी कियोमिझुदेरा आणि रात्री गिऑन. मोबाईलच्या नकाशावर हे सगळं बोटभर अंतरावर दिसतं, पण इनारी शहराच्या आग्नेयेला, किंकाकुजी वायव्येला आणि अराशियामा पार पश्चिमेच्या टोकाला आहे, आणि नोव्हेंबरच्या शेवटी या तिन्हींच्या मध्ये उभी असते ती बसची रांग. मी दोनदा गेलोय, पहिल्या वेळी असंच शेड्यूल घेऊन गेलो होतो आणि निम्मा दिवस बस स्टॉपवर गेला. दुसऱ्या वेळी फक्त क्रम बदलला, तेच शहर, तेच मित्र, आणि जे बघायला मिळालं ते अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून काय काय बघायचं यापेक्षा कशानंतर काय करायचं यावर हे सगळं लिहितोय.

१. आधी तारीख, मग तिकीट

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथेच. आपल्याकडे मुलांना सुट्टी दिवाळीत, ऑफिसलाही दोन दिवस जोडून मिळतात, म्हणून लोक दिवाळीत जातात. क्योटो शहरात मेपलची पानं भरात येतात ती साधारण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि अलीकडच्या वर्षांत हा भर आणखी पुढे सरकतोय. ऑक्टोबरात दिवाळी आली तर तुम्हाला सगळं हिरवंगार दिसणार. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, त्या आठवड्यातही शहरातलं बरंचसं हिरवंच असेल.

दिवाळीशिवाय जमतच नसेल तर प्लॅन डोंगराकडे वळवा. उंचावर आणि उत्तरेला रंग आधी येतो. ताकाओला जिंगोजी, साइम्योजी आणि कोझानजी ही तीन देवळं एकाच दरीत आहेत आणि तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बहर असतो. क्योटो स्टेशनवरून बसने पाऊण ते एक तास लागतो, आणि जिंगोजीला साधारण चारशे पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर आधीच सांगा.

माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस म्हणजे २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबरमधले कामाचे वार. २३ नोव्हेंबरला जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, अख्खा देश क्योटोला येतो. २०२६ मध्ये ही सुट्टी सोमवारी येतेय, म्हणजे २१, २२, २३ असा सलग तीन दिवसांचा वीकेंड, तो टाळाच.

ऑक्टोबरपासून जपानी हवामान साइट्सवर ठिकाणागणिक रंगाची स्थिती यायला लागते. भाषांतराच्या अॅपवर अवलंबून न राहता चार शब्द पाठ करा: आओबा म्हणजे अजून हिरवं, इरोझुकी-हाजिमे म्हणजे रंग चढायला सुरुवात, मिगोरो म्हणजे भरात, आणि चिरी-हाजिमे म्हणजे गळायला लागलं. बरेच लोक चिरी-हाजिमे वाचून ते ठिकाण रद्द करतात. असं अजिबात करू नका. अराशियामाजवळच्या गिओजी देवळाला अंगणभर हिरवं शेवाळ आहे, त्यावर लाल पानांचा सडा पडतो तो याच आठवड्यात. मी तिथे गेलो तेव्हा झाडावर निम्मीच पानं उरली होती, आणि वाऱ्याची झुळूक आली की एकेक पान गोल फिरत शेवाळावर येऊन टेकायचं, आवाज काही नाही, आमच्यातला सगळ्यात बडबड्या माणूसही पाच मिनिटं गप्प उभा होता.

*तपासा: तिकीट काढायच्या आधी दोन प्रश्न. आपल्या तारखांमध्ये २३ नोव्हेंबर येतोय का? शनिवार-रविवार किती आहेत?*

२. ग्रुप किती जणांचा आणि कोण काय बघणार

चार उत्तम, सहा जमतं, आठ म्हणजे दोन ग्रुप समजायचे. कारण साधं आहे. टॅक्सीत चारजण बसतात, आणि छोट्या हॉटेलांत एकूण जागाच दहा-बाराजणांची असते, तिथे सहाजणांना एकत्र टेबल मिळायला तासभर थांबावं लागतं.

जायच्या आधी एक संध्याकाळ बसून हे ठरवून घ्या:

कुणाला फोटो हवेत, कुणाला चालायचंय, कुणाला निवांत चहा प्यायचाय. तिघांनाही एकाच वेगाने ओढलं तर तिसऱ्या दिवशी कुरबुर सुरू होते. आमचा नियम होता, सकाळ एकत्र, दुपार ज्याची त्याची, रात्रीचं जेवण पुन्हा एकत्र. हा एक नियम पाळला तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

निघायच्या वेळेचं पण आधी बोला. साडेसहाला म्हणजे साडेसहाला, लॉबीत शूज घालून. जो मागे राहील त्याच्यासाठी थांबायचं नाही, त्याने मागाहून ट्रेनने यायचं, ग्रुपवर लोकेशन टाकलेलं असेल. ऐकायला कडक वाटतं, पण मोमिजीत सकाळची वीस मिनिटं म्हणजे पुढची दीड तासाची रांग.

पैशांचं म्हणाल तर काँट्री काढा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाने दहा हजार येन एका पर्समध्ये टाकायचे आणि एकाने ती सांभाळायची. देवळांची एंट्री, चहा, टॅक्सी सगळं त्यातून. बऱ्याच देवळांत तिकीट फक्त रोखीने मिळतं, आणि सहाजण खिडकीपाशी वेगवेगळी नाणी मोजत बसले की मागची अख्खी रांग अडते.

३. बुकिंग: हा क्रम मोडू नका

1. विमान. ओसाकाचं कान्साई विमानतळ क्योटोला जवळ पडतं, तिथून हारुका ट्रेनने साधारण ८० मिनिटांत क्योटो स्टेशन. टोकियोला उतरून क्योटोला येणं म्हणजे पहिलाच दिवस प्रवासात घालवणं.

2. राहण्याची जागा, विमान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मोमिजीतल्या खोल्या महिनोन् महिने आधी जातात. रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

3. व्हिसा. भारतात राहणाऱ्यांना टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) केंद्रातून जातो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: विमानतळावर तो व्हिसा मोबाईलच्या स्क्रीनवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा प्रिंट धरत नाहीत. त्यामुळे ई-सिम किंवा रोमिंग निघायच्या आधीच चालू पाहिजे.

4. ठरावीक वेळेची तिकिटं. अराशियामाची सागानो टोरोक्को ट्रेन, जी होझु नदीच्या दरीतून जाते, तिचं बुकिंग एक महिना आधी उघडतं आणि खिडकीजवळच्या जागा पटकन संपतात. रुरिकोइन या देवळाला शरद ऋतूत आधी बुकिंग लागतं. कॅलेंडरमध्ये अलार्म लावून ठेवा.

*सावधान: फक्त क्योटो आणि आजूबाजूला फिरणार असाल तर देशभर चालणारा जेआर (जपान रेल्वे) पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्येच सात दिवसांचा पास ५०,००० येन झाला, आणि क्योटोत उपयोगी पडणाऱ्या बऱ्याच गाड्या जेआरच्या नाहीतच.*

४. कुठे राहायचं

सगळेजण क्योटो स्टेशनजवळ घेतात, मीही घेतलं होतं. सामान घेऊन उतरायला सोपं, एवढाच फायदा. पूर्वेकडच्या टेकड्यांच्या कडेने जी देवळांची ओळ आहे तिला खरी जोडते ती केइहान लाइन: फुशिमी इनारी, तोफुकुजी, कियोमिझु-गोजो, गिऑन-शिजो, सांजो, देमाचियानागी. ही लाइन क्योटो स्टेशनला जातच नाही. म्हणून सांजो, गिऑन-शिजो किंवा सबवेच्या कारासुमा-ओइके स्टेशनच्या आसपास राहा. हॉटेलबाहेर पडून पाच मिनिटांत ट्रेन मिळाली पाहिजे, खोली थोडी लहान असली तरी चालेल.

हॉटेलच्या बिलात शहराचा निवास कर वेगळा लागतो, माणशी आणि रात्रीप्रमाणे, आणि महागड्या खोल्यांना तो जास्त आहे. हिशोब करताना धरून ठेवा.

५. कार्ड, नाणी, शूज

प्रत्येकाकडे स्वतःचं इकोका किंवा सुइका कार्ड (ट्रेन-बससाठी पैसे भरून ठेवायचं कार्ड) हवं. एका कार्डावर दोघंजण गेटमधून जाऊ शकत नाहीत. स्टेशनच्या मशीनवर इकोका २,००० येनला मिळतं, त्यात ५०० येन डिपॉझिट असतं. रोख पैसे सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून निघतात, पण निघायच्या आधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू केलाय का बघा, हे हमखास राहतं.

शूज असे घ्या की हात न लावता काढता-घालता येतील. दिवसातून चार-पाच वेळा काढावे लागतात, आणि लेस असलेल्या बुटांनी मी अख्ख्या ग्रुपला ताटकळत ठेवलंय. सोबत जाड मोजे. नोव्हेंबरच्या शेवटी दिवसा १३-१५ अंश असतं, पण सकाळी ५-७ वर येतं, आणि सकाळी साडेआठला देवळाच्या लाकडी जमिनीवर मोजे घातलेले पाय ठेवले की गारठा टाचेतून पोटरीपर्यंत चढतो. पातळ मोजे घातलेली मंडळी दोन मिनिटांत बाहेर येतात, आणि बागेसमोर बसण्याची खरी मजा तर पहिल्या दहा मिनिटांनंतर सुरू होते.

खिशात एक प्लास्टिकची पिशवी ठेवा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच.

६. दिवस मांडा: एक दिवस, शहराची एकच बाजू

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. रोज सकाळी एक मोठं ठिकाण, ते उघडायच्या वेळी गेटवर. त्यानंतर चालत जाता येईल तेवढंच. शहर ओलांडायचं नाही.

पूर्व बाजू, वरचा भाग. सगळेजण गिंकाकुजीपासून सुरू करून तत्त्वज्ञांच्या वाटेने, म्हणजे तेत्सुगाकु-नो-मिचीने, दक्षिणेकडे येतात. मोमिजीत हे उलटं करा. सबवेच्या तोझाइ लाइनने केआगे स्टेशनला आठपर्यंत उतरा, चालत नानझेनजीच्या आवारात जा (आवार मोफत आहे, विटांचा जलसेतू तिथेच), आणि पावणेनऊला एइकानदो देवळाच्या गेटवर उभे राहा. नऊला उघडतं. अख्ख्या शहरात मला सगळ्यात आवडलेले मेपल इथले, पण अकरा वाजता इथे नुसती डोकी दिसतात. मग वाटेने उत्तरेकडे, कालव्याच्या कडेने साधारण दोन किलोमीटर, मध्ये होनेनइनचं गवताने शाकारलेलं दार. शेवटी गिंकाकुजी. तिथून बसच्या रांगेत न लागता इमादेगावा रस्त्याने सरळ पश्चिमेला अर्धा तास चाला की देमाचियानागी स्टेशन. अंगात दम असेल तर तिथूनच एइझान रेल्वेने संध्याकाळी कुरामाकडे. इचिहारा आणि निनोसे स्टेशनांच्या मध्ये रुळाच्या दोन्ही बाजूंना मेपलचा बोगदा आहे, सीझनमध्ये तिथे संध्याकाळी दिवे लावतात आणि गाडी हळू चालवतात.

पूर्व बाजू, मधला भाग. कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडतं. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य साडेसहानंतर वर येतो, म्हणून सव्वासहाला पोचलात तर बरोबर उजाडताना तुम्ही आत असता. उतरताना सान्नेनझाका आणि निनेनझाका, दुकानं बंद, रस्ता मोकळा. गिऑनच्या खासगी गल्ल्यांमध्ये शिरू नका, मनाईचे फलक आहेत आणि १०,००० येन दंड लिहिलाय. तिथे लोक राहतात, कामाला निघालेल्या गेइकोच्या (क्योटोतल्या गेइशा) मागे मोबाईल घेऊन धावणं हे आपल्या वाड्यात कुणी परका कॅमेरा घेऊन घुसण्यासारखंच आहे.

दक्षिण बाजू. तोफुकुजी नोव्हेंबरमध्ये साडेआठला उघडतं, आठला रांगेत लागा. त्सुतेनक्यो या लाकडी पुलावर गर्दीच्या दिवसांत फोटो काढायला बंदी असते, कर्मचारी सतत सांगत असतात, वाद घालू नका. पुलावर डोळ्यांनी बघा, मग खाली दरीत उतरा, फोटो तिथून जास्त चांगले येतात. झाड तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहा, उन्हातून आलेलं लाल आणि उन्हाखालचं लाल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नंतर जेआरने एकच स्टेशन पुढे इनारी. ते चोवीस तास उघडं आणि मोफत आहे, म्हणून त्याला सकाळची मोलाची वेळ देऊ नका, दुपारी उशिरा वर चढायला लागा, योत्सुत्सुजी या चढावरच्या चौकाच्या पुढे गर्दी आपोआप विरळ होते.

पश्चिम बाजू. जेआरने सागा-अराशियामा, साडेसातच्या आत बांबूच्या वाटेवर. मग साडेआठला तेनर्यूजी, उत्तरेच्या दाराने बाहेर पडून जोजाक्कोजी, निसोनइन, गिओजी. टोरोक्को ट्रेन दुपारची घ्या, सकाळची घेतलीत तर ही सगळी चाल गर्दीत जाते.

*तपासा: प्रत्येक दिवसाच्या यादीत ट्रेन किती वेळा बदलावी लागतेय? तीनपेक्षा जास्त असेल तर एक ठिकाण काढून टाका.*

७. दिवसाचं घड्याळ

सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. आपल्याला सहा-साडेसहाच्या उजेडाची सवय, त्यामुळे "संध्याकाळी करू" म्हणून ठेवलेलं हमखास राहतं. बहुतेक देवळं चार ते पाचच्या मध्ये बंद होतात आणि शेवटची एंट्री त्याच्या अर्धा तास आधी असते.

साडेअकरा ते अडीच हा वेळ देवळांना देऊ नका. तेव्हा जेवा, निशिकी बाजारात फिरा (चालता चालता खाऊ नका, ज्या दुकानातून घेतलं तिथेच उभं राहून खायचं), खोलीवर जाऊन तासभर पडा. सकाळी साडेसहाला निघालेल्या माणसाला देवळांतली रात्रीची रोषणाई बघायची तर ही झोप लागतेच.

रोषणाईचं तिकीट वेगळं असतं. एइकानदोला दिवसा आत असलेल्या लोकांना बाहेर काढतात आणि संध्याकाळी नव्याने रांग लागते, तेव्हा दुपारी शिरून अंधार पडेपर्यंत थांबू हा विचार सोडा. आणि एका रात्री एकच ठिकाण.

८. बस, टॅक्सी

बस शेवटचा पर्याय. लागलीच तर मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे, शहरात सरसकट २३० येन. फक्त बसचा एक दिवसाचा पास बंद झालाय, जुन्या व्हिडिओंमध्ये बघून तो मागू नका. आता सबवे आणि बस मिळून १,१०० येनचा पास आहे, तोही दिवसात चार-पाच प्रवास होणार असतील तरच घ्या, वरच्या क्रमाने फिरलात तर सहसा लागत नाही. मोठी बॅग घेऊन बसमध्ये चढू नका.

चारजण असाल तर पहाटे कियोमिझुला टॅक्सीच करा, माणशी खर्च फार येत नाही. मागचं डावं दार ड्रायव्हर स्वतः उघडतो-लावतो, तुम्ही ओढू नका.

९. शाकाहारी मंडळींसाठी

"व्हेज" म्हटलं की भाजी दिसेल ते आणून देतात, पण रस्सा दाशीचा असतो आणि दाशीत मासा. उदोन, मिसो सूप, नानझेनजीजवळचं युदोफू (गरम पाण्यातलं टोफू), सगळीकडे विचारावं लागतं. जपानीत लिहिलेलं कार्ड सोबत ठेवा, आणि तोंडी एवढं पाठ करा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस" (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही). खात्रीचं हवं असेल तर देवळातलं शोजिन र्योरी (भिक्षूंचं शाकाहारी जेवण), पण ते सहसा आधी बुक करावं लागतं.

सकाळी साडेसहाला बहुतेक हॉटेलं उघडलेली नसतात, म्हणून आदल्या रात्रीच खोलीवर काहीतरी आणून ठेवा. घरून भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, थेपले न्या. हिरव्या मिरच्या, लिंबं, कढीपत्ता, ताजी फळं आणि कुठल्याही प्रकारचं मांस नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. खाण्याचं सामान विचारलं तर खरं सांगा.

जेवायला सहाजण एकत्र शिरू नका. तीन-तीनच्या दोन गटांत दोन शेजारच्या हॉटेलांत बसा, तासाभराने बाहेर भेटा.

१०. चुकामूक झाली तर

गर्दीत एकजण हरवणारच, आमचा गिऑन-शिजो स्टेशनात हरवला, फोनची बॅटरी संपलेली, आम्ही सव्वा तास शोधत होतो आणि तो शेवटी हॉटेलवर जाऊन बसलेला. त्यानंतर केलेला नियम: प्रत्येक ठिकाणी शिरण्याआधी भेटायची जागा आणि वेळ बोलून घ्यायची, "मुख्य दरवाजा" असं नाही तर "तिकीट खिडकीच्या उजवीकडचं मशीन, दहा वाजता" असं. पंधरा मिनिटं थांबायचं, नाही आला तर पुढच्या ठिकाणी जायचं. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं नाव-पत्ता जपानीत लिहिलेला कागद, आणि ग्रुपमध्ये दोन तरी पॉवर बँक.

११. निघायच्या दिवशी

क्योटो स्टेशनचे लॉकर सीझनमध्ये सकाळीच भरतात, मोठ्या बॅगांचे तर आधी. चेक-आउट करून बॅगा हॉटेलच्याच रिसेप्शनला ठेवा. पुढे दुसऱ्या शहरात जाणार असाल तर आदल्या दिवशी ताक्क्युबिनने (सामान पोचवणारी कुरिअर सेवा) बॅगा पुढच्या हॉटेलवर पाठवून द्या, फॉर्म रिसेप्शनवालेच भरून देतात, सहसा दुसऱ्या दिवशी पोचतात. एक रात्रीचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट मात्र पाठीवरच्या सॅकमध्ये काढून ठेवा, आणि बॅगा देऊन टाकायच्या आधी प्रत्येकाने आपापला पासपोर्ट हातात धरून दाखवायचा.